पाच ठोक्यांची जागा

मला वाकडी ओळ सहन होत नाही. स्वभाव म्हणा, रोग म्हणा. लग्नाच्या पंगतीत पत्रावळी तिरक्या मांडल्या असल्या तर बसण्याआधी मी शेजारच्या चार पत्रावळी सरळ करतो, आणि आमच्या कमलबाई बायकांच्या पंगतीतून डोळे वटारतात. वीस वर्षं जिंतूरच्या बस स्टँडसमोर टायपिंगचा क्लास चालवला. पोरं पास झाली, नापास झाली, नोकरीला लागली, पण माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराचा समास वाकडा नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

ब्याण्णव साली एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर मी आणला. त्याच्या पोटात मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड बसवलेलं होतं. तालुक्यात असं यंत्र दुसरं नव्हतं, त्यामुळे लोक नुसतं बघायलाही यायचे. त्यात लिहायची सोय मात्र अगदी साधी. अक्षर ठळक होत नसे, मोठं होत नसे, तिरकं होत नसे. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, एका ओळीत ऐंशी घरं. मथळा मधोमध हवा असला तर अक्षरं मोजायची, ऐंशीतून वजा करायची, उरतील त्याच्या निम्मे ठोके स्पेसबारला द्यायचे. पत्राचं सगळं रूप काय ते या मोकळ्या ठोक्यांवर. आणि पडद्यावर लिहिलं म्हणजे पत्र झालं असंही नाही. ते आधी छापायच्या फाइलीत उतरवायचं, मग ती फाइल प्रिंटरकडे सोडायची, मग तो कर्रकर्र करत एकेक ओळ ओकायचा. लोक म्हणायचे, "मास्तर, एवढं पत्र काढून द्या." हा शब्द मला आवडायचा. विहिरीतून पाणी काढतात तसं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि माझ्याकडे कामाची रीघ लागली. कॉलेजं, संस्था, वसतिगृहं, सगळ्यांना पत्रांवर नवं नाव पाहिजे. आधी गाड्या बंद, रस्त्यावर पोलीस, लोक दबक्या आवाजात बोलायचे. त्या नावासाठी माणसांनी सोळा वर्षं काढली, काय काय सोसलं. आणि मी? मला एकच फिकीर, की एवढं लांब नाव एका ओळीत मधोमध कसं बसवायचं. हे मी आज सांगतो तेव्हा माझी मलाच लाज वाटते. पण तेव्हा मी तसाच होतो. नाव म्हणजे किती घरं, एवढंच मला दिसायचं.

त्याच गडबडीत फेब्रुवारीत दिनकरराव आले. रिटायर झालेले हेडमास्तर, आता एका महिला संस्थेचे सचिव. माणूस सरळ. संस्थेनं तालुक्यातल्या एकेचाळीस निराधार बायकांना शिलाई मशीन द्यायचं ठरवलं होतं. प्रत्येकीला पत्र जायचं होतं, की पंधरा मार्चला अमुक वाजता जिंतूरला या, सोबत रेशनकार्ड आणा. दिनकररावांनी मजकूर दिला, शाईनं लिहिलेली नावांची यादी दिली आणि म्हणाले, "सूर्यभान, मला पंधरा दिवस परभणीला जायचंय. पत्रं काढा, शिक्का मारा आणि परस्पर पोस्टात टाका. तुमच्या कामात बघायचं काय असतं?"

ही स्तुती मला भोवली.

माझ्या मशीनची एक करामत होती. पत्र एकदाच लिहायचं. नावांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवायची. छापायला सोडलं की मशीन एकेक नाव उचलून पत्रात बसवतं आणि एकेचाळीस पत्रं आपोआप निघतात. मी यादी भरायला बसलो. गं.भा. अमुक, गं.भा. तमुक. यादीत सगळ्या नवरा गेलेल्या बायका, त्यामुळे प्रत्येक नावाआधी गं.भा. चाळीस नावं अशीच. फक्त मधेच एक नाव असं आलं की त्याच्याआधी काहीच नाही. "कडूबाई भ्र. आश्रुबा, मु. पो. चारठाणा." भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. दिनकररावांनी नावाआधीची जागा कोरी सोडलेली.

मी गं.भा.च्या जागी पाच मोकळे ठोके देऊन तसंच भरलं आणि ते पत्र पडद्यावर लावून बघितलं. "प्रति"च्या खाली चाळीस पत्रांत नाव कडेला चिकटून सुरू होत होतं, आणि या एका पत्रात ते पाच ठोके आत सरकलेलं. दातांची ओळ असावी आणि मधला एक पडलेला असावा, तसं. मी मनाशी म्हणालो, हेडमास्तरही म्हातारे झाले, लिहायचं राहिलं. विधवांच्या यादीतली बाई, दुसरं काय असणार? आणि त्या पाच ठोक्यांच्या जागेत मी गं.भा. टाकलं. ओळ सरळ झाली. त्या दिवशी दुपारी मी समाधानानं दोन चहा प्यालो.

पत्रं सुटली. सुंदर दिसत होती, खोटं का बोलू.

बरोबर नवव्या दिवशी दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. काळीसावळी, हाताला कोयत्याचे जुने वण. कपाळ मोकळं. मनगटं मोकळी, आणि डाव्या मनगटावर काच लागल्याची ताजी खपली. तिनं पदराची गाठ सोडली, चार घड्या घातलेलं माझं पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"मास्तर, ह्ये पत्र तुमच्या मशीनीतून निघालंय म्हणं."

"हो. शिलाई मशीनचं ना? पंधरा तारखेला यायचं. आज कशाला आलात?"

"मशीनीचं न्हाई इचारायला आले. ते कुटं वारले, तेवढं सांगा."

मला कळेना. "कोण वारलं?"

"आमचे मालक. आश्रुबा. पत्रात तारीख न्हाई टाकली तुमी. गुर्जी म्हणायलेत, तिथी कळल्याबिगर दहावा कवापून धरायचा? दिनकरराव गावाला गेलेत. संस्थेतला शिपाई म्हणला, पत्र सूर्यभान मास्तरनं काढलंय, त्याह्यलाच इचारा. म्हणून आले."

मी पत्र उचललं. गं.भा. कडूबाई भ्र. आश्रुबा. ओळ सरळ होती.

तिनं सांगितलं ते असं. नवरा-बायको दोघं दरसाल ऊसतोडीला जायची. पाच वर्षांपूर्वी कारखान्याच्या तळावर आश्रुबाचं मुकादमाशी भांडण झालं. तो कोयता टाकून निघाला तो आलाच नाही. कुणी म्हणे गुजरातेत दिसला, कुणी म्हणे पुण्याला. ती एकटी गावी परतली. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, जोडी. एकट्या बाईचा कोयता होत नाही. म्हणून पाच वर्षं ती चारठाण्याच्या शिवारात निंदायला, वेचायला जाते आणि सासूला सांभाळते. सासूचं नाव सारजाबाई. म्हातारी रोज संध्याकाळी दारात बसते. मुलगा यायचा तर संध्याकाळच्या गाडीनंच येईल, असं तिनं धरलेलं.

आणि मग माझं पत्र गेलं.

गावातल्या निम्म्या लोकांना वाचता येत नाही, म्हणून पोस्टमन चंद्रभान पत्र देतो आणि पारावर उभा राहून वाचूनही दाखवतो. चांगली रीत आहे. त्यानं मोठ्यानं वाचलं, "प्रति, गं.भा. कडूबाई" आणि थांबला. पारावरचे लोकही थांबले. हातानं लिहिलेलं पत्र असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, अरे, लिहिणारा चुकला असेल. पण हे छापील. गोल शिक्का मारलेलं. मशीनीतून निघालेलं. एक जण म्हणाला, कारखान्याकडून कळलं असेल. दुसरा म्हणाला, वर सगळी नोंद असते. मशीन कशाला खोटं बोलेल? पोस्टमननं पुढचा शिलाई मशीनचा मजकूर वाचला, पण तो कुणी ऐकला नाही. तास झाला नाही तोच बायका घरी जमल्या. पुढचं तिनं सांगितलं नाही. तिनं मनगटावर नुसता पदर ओढून घेतला.

"मला खोटं वाटलं व्हतं," ती म्हणाली. "पर समदे म्हणले, सरकारला कळलंय, तुला काय कळतंय?"

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या मनात आलं की कोणतीतरी तारीख सांगून टाकावी. अमुक महिना, अमुक गाव, अपघात. पाच वर्षं न आलेला माणूस, तो येणार आहे थोडाच? दहावा होईल, तेरावा होईल, बाईला मशीन मिळेल, आणि सूर्यभान मास्तरची चूक कुणाला कळणार नाही. जिभेवर आलं होतं. तिच्या हातावरची खपली दिसली नसती तर बोललोही असतो.

"बाई," मी म्हणालो, "तुमचा नवरा वारल्याचं कुणालाच माहीत नाही. ते मी लिहिलं."

"तुमाला कोन सांगितलं?"

"कुणी नाही."

"मंग?"

मग काय! बोलायला बसलो आणि ऐकताना माझं मलाच ते इतकं फालतू वाटलं. मी मशीन लावलं, यादी पडद्यावर आणली, तिला स्टुलावर बसवलं आणि दाखवलं. ही चाळीस नावं अशी. हे तुमचं नाव. इथं जागा मोकळी होती. ओळ वाकडी दिसत होती म्हणून मी भरली. "सरळ दिसावी म्हणून," असं मी दोनदा म्हणालो.

ती पडद्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळ सरळ आहे हे तिलाही दिसत होतंच.

"वळ सरळ दिसावी म्हणून," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मास्तर, ती जागा राहिली नव्हती. म्या सोडाय लावली व्हती. दिनकरराव यादी लिवायला आले तवा गं.भा. लिवायले. म्या हात धरला त्येंचा. म्हणलं, तसं लिवू नका. ते म्हणले, मंग सौ. लिवू का? तर कमिटी तुझं नाव खोडील. म्हणलं, सौ. बी नका लिवू. मोकळं सोडा. ते हायेत का न्हाईत, मला तरी कुटं ठाव हाय?"

म्हणजे हेडमास्तर म्हातारे झाले नव्हते. अख्ख्या यादीत विचार करून लिहिलेली जागा ती एकच होती, आणि नेमकी तीच मी बुजवली.

"दुसरं पत्र काढतो," मी म्हणालो. "आत्ता. तुमच्यासमोर."

नवीन पत्र लिहायला घेतलं. आयुष्यात हजारो अर्ज टाइप केले, पण या पत्राचा एकेक शब्द दोनदा खोडून लिहिला. "आपणास पाठवलेल्या पत्रात आपल्या नावाआधी जो शब्द छापला गेला, तो कोणाच्याही माहितीवरून छापलेला नाही. छापणाऱ्याने तो स्वतःच्या मनाने घातला. आपले पती आश्रुबा यांच्याविषयी संस्थेला किंवा छापणाऱ्याला काहीही माहीत नाही. शिलाई मशीन पंधरा मार्चला ठरल्याप्रमाणे मिळेल. चुकीबद्दल माफी असावी." खाली माझं नाव. मी तिला वाचून दाखवलं.

"आणि नावाआधी?" मी विचारलं. "तुम्ही म्हणाल तर सौ. लिहितो. कमिटीचं मी बघून घेतो. दिनकररावांच्या पाया पडेन."

समोर स्टँडवर परभणीची गाडी लागली, भरली, निघून गेली.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली. "गं.भा. तुमी तुमच्या मनानं लिवलं. सौ. बी तुमच्या मनानंच लिवलेलं व्हईल. पयलं जसं व्हतं तसंच ठिवा."

मी पाच मोकळे ठोके दिले. मोजून. फाइल उतरवली, प्रिंटरकडे सोडली. पत्र निघालं. "प्रति"च्या खाली नाव आत सरकलेलं, वाकडं. मी त्याला हात लावला नाही.

पत्र तिच्या हातात देऊन मोकळं होता आलं असतं. पण पारावर वाचलेलं पत्र पारावरच खोडायला हवं होतं, आणि ते तिनं एकटीनं कसं खोडायचं? दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी चारठाण्याची गाडी धरली. कमलबाईंना कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रावळी सरळ केल्या, आता निस्तरा." मी गुमान पिशवी उचलली.

पोस्टमन चंद्रभान बिचारा भला माणूस. त्याला सगळं सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. "मी तर लिवलं तसं वाचलं व्हतं, मास्तर." मी म्हणालो, "आजही लिवलं तसंच वाचा." पारावर वीस-पंचवीस माणसं होती. कडूबाई बाजूला उभी होती आणि तिच्याजवळ भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, ती सारजाबाई हे न सांगता कळत होतं. चंद्रभाननं वाचायला सुरुवात केली. "प्रति," आणि तो अडला. "याच्याआधी काय वाचू? काईच न्हाई इथं."

"काहीच वाचू नका. तिथं काही नाहीच."

त्यानं नाव वाचलं, पत्र वाचलं. मग मी उभा राहिलो आणि तेच तोंडानं सांगितलं. माझ्या मनानं लिहिलं, मला काही माहीत नव्हतं, चूक माझी. लोक माझ्याकडे बघत राहिले. एक जण म्हणाला, "म्हंजी आश्रुबा हाय का न्हाई?"

"मला माहीत नाही."

"मंग मशीनीत बघून सांगा की!"

"मशीनला काही माहीत नसतं. मी जे घालतो तेच ते बाहेर काढतं."

यावर कुणाचा विश्वास बसला असं वाटलं नाही. दोन-चार जणांच्या चेहऱ्यावर तर स्पष्ट दिसत होतं, की मास्तर काहीतरी लपवायलाय. एकदा मेलेला माणूस एवढ्या सहज परत जिवंत होत नाही, निदान पारावर तरी नाही.

म्हातारी उठली. काठी टेकत माझ्यापुढे आली. मला वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत मारेल, आणि मारली असती तरी मी खाल्ली असती.

"पाच सालं म्या रडले न्हाई," ती म्हणाली. "रडलं तर त्येला लागंल म्हणून. तुमचं पत्र आलं आन् आठ दिस पोट भरून रडले. बाबा, चार रोज झोप लागली मला. आता तुमी म्हणायलाव, ते समदं खोटं. आता आजच्यापून परत दारात बसू का मी?"

कडूबाई पुढे झाली, तिनं सासूला दंडाला धरलं आणि म्हणाली, "बसू की आत्या. दोघी बसू." आज तिनं कुंकू लावलं होतं. मनगटं मात्र तशीच मोकळी होती. पारावरची एक बाई म्हणाली, "चल गं, कासाराकडून हात भरून घे." त्यावर कडूबाईनं मान हलवली. "आले म्हंजी भरीन. तवर न्हाई."

म्हातारीनं चंद्रभानच्या हातातलं पत्र घेतलं. उलटं धरलं होतं, ते मी सरळ करून दिलं. ही सवय कुठं जाणार!

"कुटं सोडलंय मोकळं?" तिनं विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. "हे इथं, आजी. नावाच्या आधी."

तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि त्या कोऱ्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं. जाड, वाकडं बोट होतं. सगळी जागा त्याखाली झाकली गेली.

"एवढ्याशा जागंत मावंल का रं माझं लेकरू?"

मी म्हणालो, "मावेल, आजी." दुसरं काय म्हणणार?